नव्या संगणकावर विंडोजचा परवाना नेताना

जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी त्यावरील विंडोजचा परवाना कोणत्या प्रकारचा आहे, हे अवश्य तपासावे. कारण स्वतंत्रपणे विकत घेतलेला रिटेल परवाना नव्या संगणकावर नेता येतो, तर तयार संगणकासोबत आलेला ओईएम परवाना सहसा त्या संगणकाच्या मूळ मदरबोर्डशी, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डशीच बांधलेला असतो. परवाना रिटेल असल्यास, जुना संगणक चालू स्थितीत असतानाच तो परवाना आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवावा, आणि २५ अक्षरांची प्रॉडक्ट की, म्हणजे परवान्याचा सांकेतिक क्रमांक, हाताशी असेल तर तीही कागदावर उतरवून घ्यावी. नव्या संगणकावर तीच आवृत्ती, म्हणजे विंडोजची होम आवृत्ती असल्यास होमच, बसवून त्याच खात्याने प्रवेश करावा आणि सेटिंग्जमधील ॲक्टिव्हेशन (परवाना सक्रिय करण्याच्या) विभागातल्या ट्रबलशूटरमध्ये, म्हणजे अडचण सोडवणाऱ्या सुविधेत, हार्डवेअर बदलल्याचा पर्याय निवडावा. परवाना एका वेळी एकाच संगणकासाठी असल्याने जुन्या संगणकावरील त्याचा वापर थांबवावा.