लाँच रोलर कोस्टरमध्ये बसताना
साध्या रोलर कोस्टरची गाडी साखळीने सावकाश चढावर ओढली जाते आणि मनाची तयारी करायला वेळ मिळतो. लाँच कोस्टरमध्ये मात्र विद्युतचुंबकीय किंवा हायड्रॉलिक यंत्रणा तिला काही सेकंदांतच पूर्ण वेगाला नेते. अबू धाबीच्या फेरारी वर्ल्ड या मनोरंजन उद्यानात २०१० साली सुरू झालेला फॉर्म्युला रोसा हा लाँच कोस्टर सुमारे ५ सेकंदांत ताशी २४० किलोमीटरचा वेग गाठतो, म्हणूनच तेथे प्रवाशांना संरक्षक चष्मे घालावे लागतात. गाडी सुटण्यापूर्वीच डोके आसनाला टेकवावे, कारण मान पुढे झुकलेली असल्यास डोके झटक्याने मागे आदळते. मोबाइल खिशात न ठेवता लॉकरमध्ये ठेवावा. हृदयविकार, मानेचे दुखणे किंवा गर्भारपण असल्यास बसूच नये. गाडीतील आसनांची पहिली रांग मिळत असेल, तर त्यासाठी थोडे थांबणे माझ्या मते योग्य ठरते.