ढोर वीज पडून मेलं तर पुरायच्या आधी हे करा

दोन वर्षांमागं ऐन पेरणीच्या तोंडावर आमचा बैल वावरात कडुलिंबाखाली बांधलेला होता, वीज पडली अन् जागीच गेला. कुत्रे तोडतील म्हणून बाबानं त्याच संध्याकाळी जेसीबी बोलावून पुरून टाकला. ना पंचनामा, ना पीएम (शवविच्छेदन). मग सरकारी मदत कशाच्या भरवशावर भेटंल, एक रुपया आला नाही. दुसऱ्या कोणाचं असं होऊ नये म्हणून लिहून राहिलो.

पहिली गोष्ट म्हणजे ढोर मेलं की जागेवरून हलवू नका भाऊ, ताडपत्री झाका, रात्रभर कोणीतरी राखण करा, पण कातडं काढू देऊ नका अन् कानातला बिल्लाही तसाच राहू द्या. मोबाईलमध्ये जीपीएसवालं कॅमेरा अ‍ॅप टाकून फोटो काढा, पूर्ण ढोर, बिल्ल्याचा १२ आकडी नंबर, जळाल्याचा डाग, फुटलेलं झाड, सगळं. मग तलाठ्याला फोन, कोतवाल अन् पोलीस पाटलालाही सांगून ठेवा, आणि सोबतच जनावराच्या दवाखान्यात कळवा, तिथं कोणी फोन नाही उचलला तर १९६२ लावा. डॉक्टरनं पीएम केल्यावर अन् पंचनामा झाल्यावरच पुरायचं, खोल खड्डा करून वरून चुना अन् मीठ टाकून.

पंचनाम्यावर सही करायच्या आधी पूर्ण वाचून घ्या, घाई करू नका. मेल्याचं कारण वीज, पूर, अतिवृष्टी असं साफ लिहिलेलं पाहिजे आणि ढोर कोणतं ते बरोबर पाहिजे, कारण पैसा त्याच्यावरच ठरते. २०२५-२६ च्या सरकारी दरानं दुधाळ गाय-म्हशीला ३७,५०० रुपये, ओढकामाच्या बैलाला ३२,०००, वासराला २०,०००, शेळी-मेंढीला ४,०००, कोंबडीला १०० रुपये. म्हणजे दुधाची गाय चुकून कालवड म्हणून लिहिली गेली तर १७,५०० रुपयाचा फटका बसला न बाप्पा! मोठ्या ढोरांना घरटी ३ ची मर्यादा असते, पण २०२५ च्या ऑक्टोबरच्या अतिवृष्टीच्या मदत पॅकेजमध्ये सरकारनं ती काढली होती, म्हणून जास्त ढोरं गेली असतील तरी सगळ्यांचा पंचनामा करून घ्या.

बिल्ल्याचं मात्र आजच पहा. १ जून २०२४ पासून राज्यात कानात बिल्ला नसंल तर भरपाई नाही, असा नियम आहे. दवाखान्यातून मारून भेटते. बाजारातून नवीन ढोर आणलं तर बिल्ला आपल्या नावावर करून घ्यायला विसरू नका, आमच्या गावात बरेच लोक इथंच चुकतात.

वाघ-बिबट्यानं मारलं तर हा रस्ता नाही, ते वनविभागाचं काम, ४८ तासाच्या आत जवळच्या वनरक्षकाला कळवा.

तहसीलला कागद देताना आधार, पासबुक, पीएम रिपोर्ट अन् पंचनाम्याची झेरॉक्स लावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का अन् तारखेसह. पैसा सरळ खात्यात येते, म्हणून खातं आधारला लिंक आहे का ते बँकेत आधीच विचारा. लय लोकायचे पैसे जुन्या बंद खात्यापायी अडकतात. यादीत नाव आल्यावर केवायसी मागितली तर यादीतला आपला नंबर घेऊन सेतूवर जा, तिथं अंगठा ज्याच्या नावानं पंचनामा आहे त्याचाच लागते, म्हणून म्हातारे बाबा असतील तर त्यायलाच गाडीवर घेऊन जा.