भौतिकशास्त्राच्या उताऱ्यावरील तर्कप्रश्न
नागपूरच्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठात प्रवेश मिळवून देणाऱ्या क्लॅट परीक्षेत तर्कविभागात भौतिकशास्त्राचा उतारा आला, तर सूत्रे आठवत बसू नये. उताऱ्याने जेवढे सांगितले तेवढेच धरून चालावे. समजा, उताऱ्यात ‘तार तापली की लांबते’ असे विधान आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर गेला की विजेच्या तारा लोंबताना दिसतात, म्हणून ‘तार लांबली, अर्थात ती तापली’ हा पर्याय चटकन पटतो आणि नेमका तिथेच घात होतो, कारण तार ताणल्यानेही लांबते. ‘तार लांबली नाही, म्हणजे ती तापली नाही’ हा निष्कर्ष मात्र निश्चित निघतो. समासात ‘तापली’कडून ‘लांबली’कडे जाणारा बाण काढावा आणि मगच पर्याय वाचावेत, चुकीच्या उत्तरामागे ०.२५ गुण कापले जातात.