‘नि’ या एका अक्षराचा फरक: फार्माकोलॉजी शिकणाऱ्यांसाठी

सेकंड एमबीबीएसला जंतुसंसर्गावरील औषधे आणि कर्करोगावरील औषधे हे दोन स्वतंत्र विभाग म्हणून समोर येतात आणि आपण ते तसेच पाठ करतो. मीही तेच केले, पास झालो, आणि इंटर्नशिपमध्ये एका इंडेंटवर, म्हणजे वॉर्डातून औषध मागवण्याच्या चिठ्ठीवर, ‘फॉलिनिक ॲसिड’ऐवजी ‘फॉलिक ॲसिड’ लिहिले.

रुग्ण साठीच्या बाई होत्या. संधिवातासाठी त्यांना मेथोट्रेक्झेट (हे कर्करोगावरही वापरतात) आठवड्यातून एकदाच आणि फॉलिक ॲसिड इतर दिवशी घ्यायचे होते. दोन्ही गोळ्या लहान आणि पिवळ्या. सुनेने पिशवीतून दोन्ही स्ट्रिपा काढून दिल्या तेव्हा मेथोट्रेक्झेटची जवळजवळ रिकामी होती, आणि फॉलिक ॲसिडच्या स्ट्रिपेतली एकच गोळी गेलेली होती, म्हणजे दोन्हींची अदलाबदल झाली होती. तोंडभर फोड आले होते, पाणीही गिळवत नव्हते, आणि पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरल्या होत्या. माझा इंडेंट औषध देणाऱ्या फार्मासिस्टनी परत पाठवला, म्हणून पुढचे निभावले.

ही चूक कुठे होते ते नीट समजून घ्या, कारण परीक्षेत आणि वॉर्डात ती एकाच जागी होते. पेशीला डीएनएसाठी थायमिडीन लागते आणि ते बनवायला फोलेट या ब-जीवनसत्त्वाचे क्षपित (रिड्यूस्ड) रूप लागते. आहारातील फॉलिक ॲसिडला त्या रूपात आणण्याचे काम डायहायड्रोफोलेट रिडक्टेज हे एन्झाइम करते आणि मेथोट्रेक्झेट नेमके तेच अडवते. फाटक बंद असताना अलीकडे कितीही गाड्या आणून उभ्या केल्या तरी पलीकडे एकही जात नाही. मेथोट्रेक्झेटची विषबाधा झाल्यावर फॉलिक ॲसिड देणे म्हणजे हेच. फॉलिनिक ॲसिड, म्हणजेच ल्युकोव्होरिन, मुळातच क्षपित असल्यामुळे फाटकाच्या पलीकडे उतरते. मग आठवड्याच्या छोट्या डोसबरोबर फॉलिक ॲसिड का चालते? कारण तेथे अडवणूक पूर्ण नसते आणि हेतू फक्त दुष्परिणाम कमी करण्याचा असतो. ‘बचाव’ (रेस्क्यू) हा शब्द दिसला की मात्र फॉलिनिकच.

हीच साखळी जंतूंकडून पाहिली की अर्धे पाठांतर वाचते. जीवाणू फोलेट स्वतः तयार करतात, आपण ते अन्नातून घेतो. म्हणून सल्फा औषधे त्यांची सुरुवातीची पायरी अडवतात आणि आपली पेशी सुटते. ट्रायमेथोप्रिम त्यापुढचे तेच रिडक्टेज अडवते, पण जीवाणूच्या एन्झाइमला ते मानवी एन्झाइमपेक्षा हजारो पटींनी घट्ट चिकटते. या दोहोंची जोडी म्हणजे कोट्रायमॉक्साझोल. मेथोट्रेक्झेट चालू असलेल्या रुग्णाला लघवीच्या संसर्गासाठी ते लिहून देऊ नका: साखळी एकच असल्याने भार वाढतो, मूत्रपिंडातून मेथोट्रेक्झेट बाहेर पडणेही मंदावते, आणि अस्थिमज्जा कोलमडू शकते. हे मी पुन्हा सांगतो, देऊ नका.

या साखळीला इतिहासही आहे आणि त्याचे एक टोक मुंबईत आहे. लुसी विल्स यांनी मुंबईतील गिरणी कामगार स्त्रियांच्या गर्भारपणातील ॲनिमियाचा अभ्यास केला आणि १९३१ साली यीस्टच्या अर्काने तो बरा होतो असे मांडले. त्यातला घटक पुढे फोलेट ठरला. १९४८ साली सिडनी फार्बर यांनी बॉस्टनमध्ये फोलेटविरोधी अमिनोप्टेरिन देऊन मुलांमधील ल्युकेमिया काही काळ मागे हटवून दाखवला.

आद्याक्षरे जुळवून यादी पाठ करण्याच्या सिनिअरांच्या युक्त्यांवर माझा विश्वास नाही. यादी परीक्षेपुरती टिकते, पण ‘हे औषध कोणत्या पायरीवर बसते’ असे रोज विचारणारे मास्तर भेटले तर त्यांना सोडू नका. उदाहरणार्थ, ल्युकोव्होरिन मेथोट्रेक्झेटपासून पेशीला वाचवते, पण ५-फ्लुओरोयुरॅसिल या कर्करोगावरील औषधाबरोबर दिले तर उलट त्याचाच मारा वाढवते. डीएनएसाठीचे थायमिडीन बनवणाऱ्या थायमिडिलेट सिंथेज एन्झाइमवर फ्लुओरोयुरॅसिलची पकड क्षपित फोलेटमुळे अधिक टिकाऊ होते. यादीत हे विसंगत वाटते, साखळीत सरळ दिसते. सुरुवातीला सगळे गुंतागुंतीचे वाटेल, घाबरू नका. एक साखळी कोऱ्या कागदावर दहा वेळा काढली की हात आपोआप चालतो.

त्या बाईंच्या पेशी सावरल्या. पुढे ओपीडीत मेथोट्रेक्झेट पुन्हा सुरू झाले तेव्हा मी त्या स्ट्रिपेवर मार्करने ‘फक्त रविवार’ असे लिहिले आणि सुनेकडून ते मोठ्याने वाचून घेतले.