कथेतला ताण: दडवण्याआधी थोडं सांगून टाका

नव्याने कथा लिहिणाऱ्यांचे खर्डे मी बरेच वाचते. त्यांत एक सवय हमखास दिसते: ताण यावा म्हणून महत्त्वाची गोष्ट वाचकापासून दडवायची आणि शेवटच्या ओळीत बाहेर काढायची. त्याने धक्का बसतो, पण तो क्षणभरच टिकतो. मधली सगळी पानं सपाटच राहतात, कारण कशाची धास्ती घ्यायची हे वाचकाला कुणी सांगितलेलंच नसतं.

एक प्रसंग घ्या. दोघे भाऊ गच्चीवर बोलत बसले आहेत. धाकटा इथे एक खोली बांधायचं म्हणतोय: खिडकी कुठे काढायची, पुस्तकांचं कपाट कुठे ठेवायचं. थोरल्याने मात्र हे घर विकण्याच्या कागदांवर सकाळीच सही केली आहे. ही सही शेवटी उघड केली, तर आधीचं संभाषण म्हणजे नुसती बांधकामाची चर्चा. तीच पहिल्या परिच्छेदात सांगून टाका. आता धाकट्याने खिडकीचं माप काढलं तरी वाचकाच्या पोटात कालवतं. संवादातला एक शब्दही न बदलता हे होतं, म्हणून लिहायला बसणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग एकदा करून पाहावाच.

मग थोरला बोलत का नाही? खरी मेहनत इथे आहे. तो सांगायला तोंड उघडतो आणि नेमका फोन वाजतो, असं केलंत तर वाचकाला लेखकाचा हात दिसतो. उशीर पात्राच्या स्वभावातून व्हायला हवा. लहानपणापासून धाकट्याला ‘नाही’ म्हणणं त्याला जमलेलं नाही, असं असेल तर त्याचं गप्प राहणं पटतं, आणि वाचक त्याच्यावर चिडतो तसा त्याच्यासाठी हळहळतोही.

‘पण शेवटापर्यंत दडवलेल्या कथाही गाजल्या आहेत की!’ असं कुणी म्हणेल. शर्ली जॅक्सनची ‘द लॉटरी’ (1948) जरूर वाचा. चिठ्ठ्या कशासाठी काढतात हे शेवटी कळतं, पण मुलं खिशांत दगड भरतात ते दुसऱ्याच परिच्छेदात. तिने दगड लपवले नाहीत, फक्त त्यांचं कारण सांगितलं नाही. दडवायचंच असेल तर असं, डोळ्यांसमोर ठेवून.

वेळेची मर्यादा हे जुनं आणि भरवशाचं साधन. हेमिंग्वेच्या ‘हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स’मध्ये (1927) स्टेशनवर बसलेल्या जोडप्याची गाडी 40 मिनिटांत येणार आहे, हे सुरुवातीलाच कळतं. ज्या शस्त्रक्रियेवरून त्यांचं बिनसलंय तिचं नाव कुणीच घेत नाही. भांडण मोठ्या आवाजात होत नाही, पण गाडी येणार हे ठाऊक असल्याने त्यांची साधी वाक्यंही जड होतात.

भाषेबद्दल थोडक्यात. ताणाच्या जागी उद्गारचिन्हं, टिंबं आणि तुटक वाक्यांची रांग लावू नका. मला तर उलट अनुभव येतो: अशा जागी गती कमी करावी, पात्राचे हात काय करताहेत ते नीट दाखवावं. ‘त्याच्या मनावर प्रचंड दडपण आलं’ हे वाक्य दिसलं की खोडा.

पुनर्लेखनाला बसाल तेव्हा वाचकाला पहिल्यांदा काळजी कुठे वाटू लागते, तिथे पेन्सिलने खूण करा. बहुतेक खर्ड्यांत ती दुसऱ्या-तिसऱ्या पानावर सापडते. त्याआधीचा मजकूर काढून कथा वाचून बघा आणि ज्या माहितीवाचून खरोखर अडतं, तेवढीच परत घ्या.