ब्रॉडबँडचा आयडी नक्की कोणाच्या नावावर आहे? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात विजेच्या कडकडाटात आमचा राउटर गेला. नवीन आणला आणि केबलवाल्याकडे आयडी-पासवर्ड (राउटर ज्या नावाने इंटरनेटला लॉगिन होतो ते) मागितला. पाच मिनिटांत व्हॉट्सॲपवर आला, पण आयडीत आडनाव तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं! विचारलं तर म्हणाला, "ताई, तुमचं नि काकांचं एकाच आयडीवर टाकलंय. स्पीड तर येतोय ना?" दोन वर्षं मी दरमहा पूर्ण पैसे भरत होते आणि इंटरनेट कंपनीच्या दफ्तरी मी ग्राहकच नव्हते.

केबलवाला देईल तो आयडी डोळे मिटून टाकणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. राउटर त्या आयडीने लॉगिन करतो तेव्हा कोणत्या खात्याला, कधी, कोणता आयपी पत्ता (इंटरनेटवरची जोडणीची ओळख सांगणारा क्रमांक) दिला याची नोंद कंपनीकडे होते. डिसेंबर २०२१ पासून कंपनीच्या सरकारी परवान्याच्या अटींनुसार अशा नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात. उद्या त्या आयडीवरून कोणी ऑनलाइन फसवणूक केली, तर चौकशी आधी नोंदीतल्या नावाकडे येणार. आमच्याकडे ती काकांच्या दारात गेली असती. काका निवृत्त शिक्षक, फोनवर भजनं ऐकतात.

तपासणं सोपं आहे. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाका (नेमका पत्ता राउटरच्या मागच्या स्टिकरवर असतो). वॅनच्या (WAN, म्हणजे बाहेरच्या इंटरनेट जोडणीच्या) पानावर युजरनेम, म्हणजेच तो आयडी, दिसेल. मग कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून त्या आयडीवर नाव आणि मोबाईल कोणाचा आहे ते विचारा. नंबर कंपनीच्या वेबसाइटवरून घ्या, केबलवाल्याकडून नको.

मोबाईल नंबरकडे लोक बघतच नाहीत. जोडणी देताना घाईत केबलवाला स्वतःचा नंबर टाकतो, मग ओटीपी त्याच्याकडेच जातात. नाव तुमचं असलं तरी खात्याची किल्ली त्याच्या खिशात! नंबर बदलून घ्या, मग पोर्टलचा (कंपनीच्या साइटवरच्या तुमच्या खात्याचा) पासवर्ड बदला.

शेजाऱ्याला "दोनच दिवस" आयडी देऊ नका. पाहुण्यांसाठी राउटरवर गेस्ट वाय-फाय (वेगळ्या पासवर्डचं वाय-फाय) आहे. लॉगिन घराबाहेर जाता कामा नये.

नेट मधूनच तुटतं, राउटर 'ऑथेंटिकेशन फेल्ड' दाखवतो किंवा संगणकावर ६९१ एरर येतो? पासवर्ड चुकला असेल, रिचार्ज संपला असेल, किंवा त्याच आयडीने दुसरीकडे कोणी आत असेल. अशा वेळी राउटर फॅक्टरी रिसेट करू नका, त्यात साठवलेलं लॉगिनही पुसलं जातं. आधी पोर्टलवर वापराचा इतिहास बघा. तुम्ही गावाला असताना, घरचा राउटर बंद असतानाही डेटा गेला असेल तर स्क्रीनशॉट काढून ठेवा. नव्या राउटरवरच अडत असेल तर जुन्याचा मॅक पत्ता (प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) खात्याला बांधलेला असू शकतो, कंपनी तो सोडवून देते.

केबलवाला "अख्खी बिल्डिंग अशीच चालते" म्हणेल. भर पावसात गच्चीवर चढून वायर जोडणारा माणूस आहे, त्याच्याशी भांडू नका, पण स्वतःच्या कागदपत्रांवर, स्वतःच्या ओटीपीने वेगळी जोडणी मागा. टाळाटाळ झाली तर कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. तिथेही दाद लागली नाही तर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. पैशांची फसवणूक झालीच असेल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

माझा नवा आयडी दोन दिवसांत आला. त्याच संध्याकाळी काकांकडे बसून त्यांचा पासवर्ड बदलला, आणि त्यांनी तो डायरीत स्वतःच्या हाताने लिहून घेतला.