छोट्या जपानी हॉटेलात जेवताना

सांगली-साताऱ्याहून पुण्या-मुंबईला गेल्यावर अस्सल जपानी जेवायचं असेल, तर आधी फोन करून जागा राखून ठेवा. आठ-दहा खुर्च्यांच्या हॉटेलात उशिरा पोहोचणं म्हणजे दुसऱ्याची खुर्ची अडवणं.

सुरुवातीला मिळणारा ओला टॉवेल फक्त हातांसाठी, तोंड पुसू नका. काड्या भातात उभ्या खुपसू नका. तसा भात जपानमध्ये मृतासमोर ठेवतात, आपल्या पिंडासारखाच. काडीतून काडीत घासही देऊ नका, कारण तिथे अस्थी तशा उचलतात.

निगिरी सुशी, म्हणजे भाताच्या मुटक्यावर ठेवलेला माशाचा तुकडा, हातानं खाल्ली तरी चालते. ती उलटी करून माशाची बाजू सोया सॉसला जेमतेम टेकवा. भात बुडवला की तो सॉस शोषतो, सुटतो आणि सगळं खारट होतं. आलं सुशीवर ठेवायचं नाही, दोन घासांच्या मध्ये खायचं. वासाबी, म्हणजे सोबतची हिरवी झणझणीत चटणी, मोहरीएवढीच घ्या: कांदा-लसूण मसाल्याची सवय इथे कामी येत नाही, ती जिभेपेक्षा नाकात चढते.

शाकाहारींनी खरी चौकशी करावी ती ‘दाशी’ची, म्हणजे सूप-सॉसच्या मूळ पाण्याची. मिसो सूप दिसायला निव्वळ सोयाबीनचं, पण त्याचं पाणी बहुधा सुक्या बोनिटो माशाचं असतं. ‘कोम्बू’, म्हणजे समुद्री शेवाळाची दाशी आहे का, ते विचारा. भाज्यांच्या तेंपुराच्या, म्हणजे जपानी भज्यांच्या, पिठात अंडं असू शकतं आणि सोबतच्या सॉसमध्येही दाशी असते. अंडं नसेल तर तेंपुरा सॉसऐवजी मिठाशी खा. कप्पामाकी, म्हणजे काकडीचा सुशी रोल, सहसा निर्धोक.

नूडल्स मात्र खुशाल फुर्रकन ओढा.